तातीला खळ

चंद्रभान दाढी करून घरी आला तो अंगणातच थिजला. त्याची टेनिसची रॅकेट खाटेवर उन्हात वाळत पडली होती. मागावरची अर्धी विणलेली सरकारी जनता साडी तशीच सोडून त्याचा बाप मोतीलाल बाहेर येऊन बसला होता आणि हातातला कुंचा झटकत रॅकेटकडे कौतुकानं बघत होता.

"बा, हे काय केलं तुमी?"

"खळ देली. बिना खळीचं सूत मागावर टिकते का? तुही तात तं भल्ली नाजूक. आता तुटन नाही, पाह्य."

चंद्रभान खाटेपाशी धावला. बाराची बस आणि चार वाजता चिखल्याच्या खाणीच्या क्लबात सामना. खाणीतल्या मामाकडे राहून, साहेबलोकांचे चेंडू उचलता उचलता तो खेळ शिकला होता. आज खुद्द मॅनेजरसाहेबांनी त्याला जोडीला घेतलं होतं. 'चांगला खेळलास तर ऑफिसात चिकटवतो,' असं ते चारचौघांत बोलून गेले होते. मोहाडीच्या विणकराच्या पोराला असं बोलावणं काही दरवर्षी येत नाही.

आठवडाभर त्याचा जीव रॅकेटला तात की नायलॉन, यातच घुटमळत होता. नायलॉन दणकट, पाण्यापावसाला न भिणारं. पण त्याच्यावरून चेंडू दगडासारखा उडायचा. मेंढीच्या आतड्याची तात महाग आणि नखरेल, पण तिच्यावर चेंडू क्षणभर टेकतो आणि मग म्हणाल तिथं जातो. शेवटी काल त्यानं तातच ओवली आणि नायलॉनचं वेटोळं खुंटीला अडकवलं. तातीला पाणी चालत नाही, हे तो आज न्हाव्यालासुद्धा ऐकवून आला होता. घरात सांगायचं तेवढं राहिलं.

त्यानं तातीवर बोट ठेवलं. ती फुगून बुळबुळीत झाली होती, दाबली की आत जात होती.

"वाळू दे ना जराशी," मोतीलाल म्हणाला. "वाळली का कडक होते."

"हे सूत नोहे, बा! हिले पाणी लागलं का खपली ते."

मोतीलालचा कुंचा हातातच राहिला. खळीचं पातेलं लाथेनं उडवावं, असं चंद्रभानला वाटलं. जन्मात एक संधी आली, तर तिलाही खळ! पण बापाचं पडलेलं तोंड बघून त्याला कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखीच राग आला.

बसच्या आधी नायलॉन ओवून होईल, इतका वेळ अजून हातात होता. आधी तात कापायला हवी होती. तो आतून कात्री घेऊन आला, रॅकेट मांडीवर घेतली आणि तिथंच अडला. या घरात मागावर चढलेला उभ्या सुताचा ताणा कधी कुणी कापला नव्हता. आजोबा गेले, तेव्हाही त्यांच्या मागावर राहिलेला ताणा मोतीलालनं डोळे पुसत पुसत विणून संपवला होता. आणि इथं तर खळ दिलेला ताणा होता, बापाच्या हातची खळ.

मोतीलालनं धोतराला हात पुसले.

"आण इकडं ते कात्री. चढला ताणा लेकराच्या हातानं नाही कापत."

"बा, राहू द्या, मी..."

"आण म्हणतो ना."

चंद्रभाननं कात्री दिली. "मधातून कापजा. एका अंगानं कापलं तं लाकूड वाकते."

मोतीलालनं मधातून कापायला सुरुवात केली. एकेक तार सुटली की त्याच्या पापण्या मिटत होत्या. सगळं मोकळं झालं, तेव्हा त्यानं उठून खुंटीवरचं नायलॉन आणून पोराच्या हातात दिलं.

"याले काही लावा लागते का?"

"नाही, बा. याले कायचीच गरज नाही."

मोतीलालनं मान हलवली. मग पोराला रॅकेटची भोकं नीट दिसावीत म्हणून तो उन्हाच्या वाटेतून बाजूला सरकला.