पोटमाळ्याची शिडी

अक्षदाच्या डोक्यातल्या खपल्या बघून सासूबाईंनी स्वतःच निदान करून टाकलं, "नायटा आहे, घरभर पसरेल." लालबागच्या त्या एका खोलीत तिचा कंगवा वेगळा झाला, टॉवेल वेगळा झाला, उशी वेगळी झाली. रात्री लाकडी शिडी वर ओढून घेऊन ती एकटीच पोटमाळ्यावर झोपायला लागली.

शेवटी तिचा नवरा मयूर वैतागला आणि तिला परळला स्किनच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. मॅडमनी तिचे केस बाजूला करून नीट पाहिलं, मग कोपरं आणि नखंही पाहिली.

"नायटा असता तर केस तुटले असते. कोंड्याच्या खपल्या अशा जाड, चंदेरी नसतात. हा सोरायसिस आहे. औषधाने आटोक्यात राहतो, आणि दुसऱ्या कुणाला अजिबात लागत नाही."

"म्हणजे आता खाली झोपली तरी चालेल ना?" मयूरचा चेहरा खुलला. आईला फोन करून सांगायला तो लगेच बाहेर गेला.

दार लागताच अक्षदाने मॅडमचा हात घट्ट धरला.



"मॅडम, नायटाच आहे म्हणून सांगा ना त्याला."