पट्टा

माणसाच्या देहात शेवटपर्यंत इमानाने राहतो तो फक्त दात. डोळे फितूर होतात, गुडघे कुरकुर करतात, केस तर न सांगताच निघून जातात. दात मात्र मालक गेल्यावरही जागा सोडत नाही.

हे भाषण ट्रंपेटवाल्याने बँडमधल्या प्रत्येक नवख्याला ऐकवलं होतं. आत्ता तो दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत उताणा पडला होता आणि वरचा पुढचा दात जिभेच्या नुसत्या धक्क्याने जुन्या खिडकीसारखा पुढेमागे होत होता.

रविवारी बागेत बँडचा कार्यक्रम होता. केस पिकेपर्यंत दुसऱ्या रांगेत फुंकल्यावर त्याला पहिल्यांदाच एकट्याने उभं राहून वाजवायचं होतं. आणि बँडची रीत ठरलेली होती: पुढचा दात गेला की फुंकणं बंद, गळ्यात मोठा ढोल आणि आधीच्या ढोलवाल्याची सुटका.

ढोलदादाही एके काळी ट्रंपेटच वाजवायचा. आज तो सोबत म्हणून आला होता. दाराशी स्टुलावर कंबर चोळत बसला होता आणि सकाळपासून जरा जास्तच मायेने वागत होता.

"दात चांगला आहे हो काका," बाई आरसा फिरवत म्हणाल्या. "त्याला धरून ठेवणारं हाडच झिजलंय. हिरड्यांतून रक्त यायचं का?"

"यायचं."

"मग तेव्हाच का नाही आलात?"

"चूळ भरली की थांबायचं."

"आणि हलायला लागल्यावर काय केलंत?"

"ट्रंपेट आणखी जोरात दाबलं. दाबलं की हलायचा थांबतो."

बाईंनी आरसा खाली ठेवला. "म्हणजे खांब डुगडुगतोय म्हणून तुम्ही त्याला रोज धडका देत होतात."

ट्रंपेटवाल्याने बाईंची बाही धरली.

"रविवारपर्यंत टिकवा. तुमच्या पाया पडतो. सोमवारी सगळे काढा, बत्तीसच्या बत्तीस. हूं की चूं करणार नाही."

"सत्तावीस आहेत काका."

"सत्तावीस तर सत्तावीस!"

"काढूनच टाका ना बाई," दारातून ढोलदादा हळूच म्हणाला. "बिचाऱ्याचे हाल बघवत नाहीत."

"दादा, तुम्ही गप्प बसा!" ट्रंपेटवाला खुर्चीतूनच ओरडला.

बाईंनी उसासा टाकला. शेजारच्या दोन दातांना बारीक तारेने तो दात बांधला, वर मसाला लावला, दिव्याने वाळवला. "हाड पुन्हा उगवणार नाही, पण हिरड्या साफ ठेवल्यात तर दात काही काळ राहील. मऊ खायचं, जोर द्यायचा नाही. आणि फुंकायचं तर अजिबात नाही."

"रविवारी एकदाच?"

"अजिबात नाही म्हणजे रविवारीही नाही."

त्या हात धुवायला वळल्या. ट्रंपेटवाल्याने जिभेने दात चाचपला. पक्का होता. खुर्चीशेजारी त्याची ट्रंपेटची पेटी होती. तो वाजवणार नव्हताच; फक्त ओठाला लावून बघणार होता. ओठाला लावल्यावर वाटलं, एकच सूर, अगदी हळू. सूर लागला. इतका गोल, इतका स्वच्छ लागला की ढोलदादाही स्टुलावरून उठला. मग तो सूर जरा डगमगला आणि इतकी वर्षं करत आला तेच ट्रंपेटवाल्याने केलं. दाबलं.

सुराची हवा झाली. फरशीवर काहीतरी टणकन पडलं.

बाई ओल्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी कापसाचा बोळा पुढे केला. ट्रंपेटवाला तो दातांच्या फटीत धरून बसला.

ढोलदादाने कण्हत वाकून, तारेच्या तुकड्यासकट दात उचलला, सदऱ्याला पुसला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस रे. टाळ्या ढोलालाही मिळतात."

"तुम्हाला कधी मिळाल्या?"

ढोलदादाने आठवून पाहिलं. "एकदा. काठी हातातून निसटून मुख्य पाहुण्यांना लागली तेव्हा."

ट्रंपेटवाल्याने रुमालाने ट्रंपेट पुसलं. नळ्या, कळा, तोंडाची पितळी वाटी, सगळं सावकाश. पेटीत ठेवलं. झाकण लावलं. बराच वेळ त्या झाकणावर हात ठेवून तो बसून राहिला. ढोलदादा कंबरेवर हात ठेवून वाट बघत होता.

"दादा," तो अखेर म्हणाला.

"बोल."

"ढोलाचा पट्टा तेवढा दोन भोकं आवळून ठेवा. तुमच्या मापाचा मला सैल होईल."