तिलोचा एकुलता एक चेंडू

“जगाच्या इतिहासाचे आता दोनच भाग!” नगराध्यक्ष डॉन लेओन्सिओ ध्वनिक्षेपकात गरजले. “तिलोच्या चेंडूआधीचा आणि तिलोच्या चेंडूनं—”

लाईट गेली.

साबाना ओंदा गावात कुणाला याचं नवल वाटलं नाही. इथे लाईट जायची वेळ ठरलेली नसते, पण महत्त्वाचा क्षण ती सहसा चुकवत नाही. भर दुपार होती, तेव्हा फक्त ध्वनिक्षेपक मुका झाला. लोकांनी खुर्च्या झाडाखाली ओढल्या.

चौथऱ्यावर कापडाखाली तिलो रेनोसोचा पुतळा होता. चेपो गवंड्याने तो सकाळीच घाईघाईत रोवला होता. शेजारी खुद्द तिलो, उसन्या कोटात. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मोठ्या लीगपर्यंत पोचलेला गावातला हा एकमेव पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. तीन वर्षांपूर्वी तो तिथे चेंडू घेऊन उभा राहिला, ते अख्ख्या गावाने वाण्याच्या टीव्हीवर पाहिलं. तेवढ्यात लाईट गेली. पाच मिनिटांनी आली, तेव्हा डाव संपला होता आणि टीव्हीवर संघातले सगळे तिलोची पाठ थोपटत होते. आठवडाभरात खांदा गेला, तिलो घरी आला. चेंडू कसा टाकलास, हे त्याला कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी त्यालाच सांगितलं.

आत्ताही तेच चाललं होतं.

“असा वळला, असा!” फेयो न्हावी कंगवा फिरवत म्हणाला. “फलंदाज नुसता वारा घालत बसला!”

“तू कुठे पाहिलंस रे? तू तर माझ्या पायावर उभा होतास,” मासेवाली म्हणाली. “सरळ होता चेंडू. गोळीसारखा.”

तिलो आईच्या कानाशी वाकला. “आई, आज मी खरं सांगून टाकतो. रोज याच चौकातून जायचंय मला.”

“जीभ आवर,” डोन्या एउफेमिया पंख्याआडून म्हणाली. “त्या चेंडूपायी खाटीक मला रांगेत उभं करत नाही. बोकडाची मांडी बाजूला काढून ठेवतो.”

लाईट आली. कापड ओढलं गेलं. सिमेंटचा तिलो हात उगारून समोरच्या अदृश्य फलंदाजावर डोळे रोखून उभा होता.

हाडामांसाच्या तिलोने ध्वनिक्षेपक धरला.

“मंडळी, फलंदाजाला मी एकही चेंडू टाकलेला नाही. माझ्या डाव्या हाताला, पहिल्या बेसवरचा त्यांच्या संघाचा गडी गाफीलपणे बेस सोडून पुढे सरकला होता. मी वळून चेंडू तिकडे फेकला. तो बाद, डाव खलास. पुन्हा मला कुणी बोलावलंच नाही.”

खाटकाने डोन्या एउफेमियाकडे पाहिलं. तिने पंखा मिटला.

“पण गडी बाद झाला ना?” डॉन लेओन्सिओंनी विचारलं.

“झाला.”

“चेंडू तूच फेकलास?”

“मीच.”

“मग तोंड कशाला पाडतोस, लेका? मंडळी, फलंदाजाकडे ढुंकूनही न बघता डाव संपवणारा हा आपला तिलो!”

टाळ्यांनी चर्चवरची कबुतरं उडाली. “मी काय सांगत होतो? असा वळला!” फेयो ओरडला. खाटीक सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता.

तिलोने घाम पुसला आणि खाली बघून हळूच म्हणाला, “चेपो, पायथ्याचं सिमेंट अजून ओलं असेल, तर मला जरा डावीकडे फिरव ना.”