गाडी हटून बसली

सासऱ्यांनी पुन्हा बटण दाबलं. टक् नाही की टुक् नाही. मीटरवरचा दिवासुद्धा लागला नाही.

"बस चुकणार आता," ते म्हणाले.

"पुढची असेल की." सून पायरीवर बसली होती, मांडीवर बॅग घेऊन.

मुलगा वारल्यापासून त्याची मोटरसायकल तेच चालवत. सुनेलाही त्यांनीच सांगितलं होतं, "माझ्यापायी इथे अडकून पडू नकोस. आईकडे जा, नव्यानं संसार मांड." त्यावर ती एवढंच म्हणाली होती, "तुम्ही म्हणाल तसं, बाबा." कपाट रिकामं झालं, निघायचा दिवस उजाडला आणि गाडी हटून बसली.

त्यांनी टाकी हलवून पाहिली. पेट्रोल डुचमळलं. बॅटरीच्या तारा घट्ट केल्या. मधूनच त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे जात होता.

"चार शिव्या घाला तिला. हे घालायचे, मग हलायची," सून म्हणाली.

"तो नुसत्या शिव्या घालायचा. राबायचीस तू."

"फुकटची हेल्पर ना मी!" ती हसली. "प्लग काढला की भोकात आधी स्वच्छ कापड कोंब, धूळ गेली तर इंजिन गेलं. झोपेतसुद्धा हेच बडबडायचे."

हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने बोटांनीच पुसले. गालावर काळी रेघ उठली. काजळ पसरलं असावं.

सासऱ्यांना स्वतःचीच लाज वाटली. एकटं राहायची भीती आपल्याला, आणि वाट अडवायची या पोरीची?

"जरा पाणी आण गं," त्यांनी तिला आत पाठवलं. मग खिशातून फ्यूज काढला, सकाळी ती उठायच्या आत स्वतःच काढून ठेवलेला, आणि जागच्या जागी बसवला.

मीटरवर दिवा लागला. मन घट्ट करून त्यांनी बटण दाबलं.

इंजिन नुसतंच गरगरलं. कुठूनतरी फस्सकन हवा सुटली. गाडी काही पेटली नाही.

ते खाली वाकले. प्लगची टोपी बोट लागताच निसटून हातात आली. तिच्याखाली प्लग नव्हताच. भोकातून सुनेचा धुतलेला, स्वच्छ रुमाल अर्धा वर आला होता.