जुन्या मॉडेलचा आवाज

दौंडला रेमंडमामांच्या दुकानात आमची भीमगीतांची अख्खी पार्टी गेली. "मामा, तुमची ती जुनी जाड लाकडाची बास गिटार परत बनवा. जयंतीला तोच आवाज पायजे." मामा हसले. "जड हाय म्हणून तुम्हीच बंद पाडली की." मग म्हणाले, "साचे वाळवीनं खाल्ले. जुनी एक आणा, खोलून माप घेतो." शेवटची उरलेली गिटार आमच्या पार्टीत बास वाजवणाऱ्या नवनाथची होती. तो पावसाळ्यात ॲक्सिडेंटमध्ये गेला आन् त्याचे वडील कोंडिबाआबा आमच्यातच बसले होते. आबाच बोलले, "चितेवर ठिवली मी. पोरगं एकटं कसं जाईल, म्हणलं." मामांनी हातातला रंधा खाली ठेवला. "तारा काढल्या व्हत्या का, आबा?" "न्हाई." आबा जमिनीकडं बघत राहिले. "जाळानं एकेक तार वाजून तुटली. जाडवाली सगळ्यात शेवटी. लोक मागं सरले. मला वाटलं, नवनाथ वाजवतोय."