शेवट कोणी फोडला

दिग्दर्शिकेला दिलेल्या शेवटात कप्तान मरत होता. संकलकाला दिलेल्या शेवटात परग्रहावरचे राखाडे शत्रू म्हणजे आपलेच खापरपणतू निघत होते. चॅनेलच्या साहेबांना दिलेल्या शेवटात तर कप्तानाचं चक्क लग्न लागत होतं, आणि ते वाचून साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

लेखकाने तीन माणसांना मुद्दामच तीन शेवट दिले होते. कालप्रवासाच्या एवढ्या गाजलेल्या मालिकेचा शेवटचा भाग म्हटल्यावर जो तो टपून बसलेला. ज्याचा शेवट बाहेर येईल तो फितूर, इतका साधा सापळा.

आणि सकाळी चाहत्यांच्या ग्रुपवर चौथाच शेवट झळकला. खरा! राखाडे पृथ्वीवर यायच्या आदल्या दिवशी कप्तान त्यांच्या ग्रहावर जाऊन पोचतो, त्यांचं इकडे यायचं दार आतून बंद करतो आणि कायमचा तिकडेच राहतो. घरी वाट बघणाऱ्यांकडे कोणीच परत येत नाही.

"हा खरा होता?" साहेबांनी फोनवर विचारलं. "म्हणजे लग्न नाहीच?"

"नाही."

"मग हा कोणाकोणाला माहीत होता?"

"कोणालाच नाही. कागदावरसुद्धा उतरवला नव्हता."

"म्हणजे तुम्हीच फोडलात, असं म्हणायचं का आम्ही?"

लेखक खुलासा करू लागला, पण साहेबांनी त्याला मध्येच तोडलं.

"हे बघा, उद्यापर्यंत माणूस शोधून द्या. नाहीतर शेवटचा भाग दुसरं कोणीतरी लिहील. आणि माणूस सापडला तरी शेवट नवा लागणार. शूटिंग थांबवतोय मी."

त्याने फोन ठेवला. इतकी वर्षं वाढवलेलं लेकरू शेवटच्या घटकेला कोणा उपऱ्याच्या मांडीवर द्यायचं? त्याने डोकं धरलं आणि एकेक आठवायला लागला. कागदावर नव्हतं हे खरं, पण तोंडाने एकदा सांगितलं होतं. आईला.

आईची वाचा दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताच्या झटक्यात गेली होती. त्याआधी ती ऐकायची कमी आणि मध्ये तोंड घालायची जास्त. "हे असं कसं? आणि तो कप्तान जेवतो कधी?" त्यामुळे तेव्हा तो तिच्या वाऱ्यालाही उभा राहायचा नाही. आता मात्र रोज संध्याकाळी तिच्या पलंगाशी बसून लिहायचं ते आधी मोठ्याने सांगून बघायचा. "असा श्रोता मिळायला नशीब लागतं," असं तो मित्रांना हसत सांगायचा.

गेल्या आठवड्यात त्याने तिला शेवट सांगितला. त्याच बैठकीत दुसरंही सांगून टाकलं. मालिका संपली की नव्या कामासाठी तो वर्षभर परगावी जाणार होता, आणि तिच्यासाठी शुश्रूषागृहात खिडकीजवळची खाट बघून ठेवली होती. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. झोप आली असेल म्हणून त्याने दिवा मालवला.

तेव्हा खोलीत आणखी एक जण होतं. आईला सांभाळणारी ताई, कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत.

त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. परवा तो लवकर घरी आला, तेव्हा जिना चढताना खोलीतून बाईमाणसाचा दबका, अडखळता आवाज आला होता. त्याने दार ढकललं तशी खोली चिडीचूप. ताई फोन हातात धरून उभी, चेहरा गोरामोरा. "घरी बोलत होते, दादा," असं म्हणाली होती.

तो तडक घरी गेला. ताई आईला चमच्याने सूप भरवत होती.

"ताई, फोन द्या जरा."

तिने मुकाट्याने दिला. चाहत्यांचा तो ग्रुप त्यात होता, आणि मजकूर त्याच फोनवरून गेला होता.

"तुम्ही बघता ही मालिका?"

"आजींना लागते म्हणून..." ती म्हणाली आणि तिने जीभ चावली.

"कोणासाठी केलंत हे? कोणत्या चॅनेलने सांगितलं?"

"चॅनेल कसलं, दादा! मला शपथ घातलीय." तिने पलंगाकडे पाहिलं. आईचे डोळे मिटलेले होते. "माझ्याकडून काही वदवू नका. आजींनाच विचारा."

लेखकाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "दोन वर्षांत जिच्या तोंडून शब्द फुटला नाही, तिला विचारू? एवढं मीठ खाऊन वर माझी थट्टा करता? उद्यापासून येऊ नका."

ताईने वाटी खाली ठेवली. आईची हनुवटी पुसली, पांघरूण सारखं केलं, पर्स खांद्याला लावली. तरी कोणी हाक मारेल अशा आशेने ती उंबऱ्यात क्षणभर थांबली. कोणीच मारली नाही, तेव्हा ती गेली.

त्याने साहेबांना फोन लावला. "सापडली. घरातलीच निघाली."

"सुटलो बुवा! मग शेवट तुम्हीच लिहा. हवा तेवढा वेळ घ्या. आणि लग्नाचं बघा जमलं तर."

जीव भांड्यात पडला खरा, पण त्याला बरं वाटेना. बाई मायेने करायची आईचं. तो पलंगाकडे वळला तर आई टक्क जागी, डोळे भरलेले. त्याने तिची उशी नीट केली.

"रडू नकोस. दुसरी बघतो कोणीतरी."

"तिलाच बोलाव," आई म्हणाली. शब्द जड होते, पण स्वच्छ. "तिने नुसती बटणं दाबली. सांगत मी होते. आता बस इथे, नवा शेवट सांग. आणि घाई करू नकोस."