डोळ्यांवरची हळद

उष्टी हळद लागली की अविवाहिताचं लग्न जमतंच, यावर जनार्दनकाकांच्या घराण्याची अढळ श्रद्धा होती. ऐन उमेदीत काकांनी नात्यातल्या लग्नांमधून किलोभर तरी हळद लावून घेतली असेल. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी घराण्याने त्यांच्यापुरती ही श्रद्धा गुपचूप सोडून दिली होती.

पुतणीच्या हळदीलाही तेच झालं. नवरीला लावून उरलेली वाटी घेऊन बायका काकांना वळसा घालून लग्नाच्या पोरांकडे गेल्या. काका जेवणाच्या खुर्च्या मांडत राहिले.

पंगतीत त्यांच्या शेजारी मुलाकडच्या सत्तरीतल्या मावशी बसल्या. त्यांनी काकांकडे निरखून पाहिलं.

"अहो, डोळ्यांना हळद राहिलीय तुमच्या. थांबा, हलू नका. आत गेली तर झोंबेल."

पेल्यातल्या पाण्यात पदराचं टोक बुडवून त्या काकांची पापणी पुसू लागल्या. काका हातातला घास तसाच धरून बसले. आपल्या चेहऱ्याला न्हाव्याखेरीज कुणाचा हात शेवटचा कधी लागला, ते त्यांना आठवेना.

"घट्ट बसलीय हो," मावशी दुसऱ्या डोळ्याकडे वळल्या. "फार प्रेमानं लावलेली दिसतेय कुणी."

"हो ना," काका म्हणाले. "आमच्याकडे सोडत नाहीत कुणाला."

मावशींनी आणखी जोर लावला. काकांनी डोळे मिटून मान जरा पुढे केली.

पापण्यांवरचे ते पिवळे डाग कोलेस्टेरॉलचे होते आणि डॉक्टरांनी ते चोळायचे नाहीत म्हणून बजावलं होतं.